आज मी दुकानात आहे

पडदा वर जातो. दुपारची वेळ, दारव्ह्याच्या बाजारातली भांड्यांची ओळ. दारात रचलेल्या पितळी घागरी उन्हाने तापल्या आहेत आणि गिऱ्हाईक एकही नाही. गल्ल्यावर एक वयस्क गृहस्थ हनुवटी छातीला लावून पेंगत आहेत. डावीकडून एक मुलगी येते. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, चपलांवर वाटेची धूळ. ती त्यांना उठवत नाही. स्टूल ओढून समोर बसते आणि वाट पाहते.

हा प्रवेश मी समोरच्या चहाच्या बाकड्यावरून पाहिला. जन्मभर मी नाटक कंपनीत कामं केली. राजा झालो, विदूषक झालो, नटी पळून गेली त्या साली मिशा काढून राणीसुद्धा झालो. आता माझ्या वाट्याला प्रेक्षकाची भूमिका आली आहे, आणि तीही मी मन लावून करतो.

गृहस्थांचं नाव सदाशिवराव. आमच्या कंपनीचा त्यांच्याशी जुना घरोबा. राजाच्या दरबारातला तांब्या, पेला, तबक सगळं त्यांच्या दुकानातून यायचं. नाटक पाहायला ते पहिल्या रांगेत बसत, राणी मेली की रडत, आणि पडदा पडला की डोळे पुसत पुसत आत येऊन भांडी परत नेत. एकदा तर राजा अजून पेला ओठांना लावून उभा होता. "पिऊन घ्या महाराज," ते म्हणाले, "मले सकाळी विकाचा आहे तो." आता ते दिवस नाहीत, तंबू नाहीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात चमकणारे ते तांबेही नाहीत.

मुलगी म्हणजे बबिता आडे. दिग्रसकडच्या एका तांड्यावरची, धावजी आडेंची धाकटी. पुण्यात एका जाहिरात कंपनीत लिहिण्याचं काम करायची. कंपनी बंद पडली, ती घरी आली आणि स्वतःचं काम सुरू केलं. दुकानदारांसाठी फेसबुकवर, व्हॉट्सअॅपवर असं काही लिहायचं की वाचणाऱ्याला त्या दुकानात जावंसं वाटावं. याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. तांड्यावर ती एवढंच सांगते, "दुकानाईचं लिहिते."

गिऱ्हाईक शोधायला आधी तिने पुण्याची रीत वापरली. ईमेल पाठवले, स्वतःच्या कामाचे नमुने पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. मग ती दुपारी, बाजार सुना असताना, दुकानांत जाऊन बसू लागली. आमच्या कंपनीचा व्यवस्थापक बळीराम असाच नव्या गावात शिरायचा. खेळ लावा असं कधी म्हणायचा नाही. पारावर बसून विचारायचा, मागच्या साली कोणतं नाटक झालं, कोण रडलं, कोण उठून गेलं? बोलता बोलता गावच म्हणायचं, तुमचंही आणा की.

सदाशिवराव जागे झाले.

"काय पायजे?"

"काही नाही काका. तुमच्या दुकानात लोक कायले येतात, ते विचाराले आली."

"भांडे घ्याले येतात. दर्शनाले येतात का?"

"भांडे तं बाजूलेही भेटतात."

म्हातारा चमकला. मान वळवून त्याने बाजूच्या दुकानाकडे असं पाहिलं, जणू ते आजच उगवलं. आणि मग संध्याकाळपर्यंत बोलत राहिला. कुठल्या गावाला जाड बुडाचं पातेलं लागतं, कुठल्या घरच्या आंदणाच्या घागरीवर आपण स्वतः नाव कोरलं, कोणती सासू भांडं वाजवून घेते.

त्यातूनच बबिताचा मजकूर झाला. त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच नावाने, दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या फोटोखाली. गावोगावचे लोक ते वाचून येऊ लागले आणि "काका कोणते?" म्हणून विचारू लागले. पाहता पाहता फोटो स्टुडिओवाले धर्मपाल तिच्याकडे आले, मग पेढेवाले, पंपाचे विक्रेते. पुण्याला परत जायचा विचार तिने सोडून दिला. तांड्यावरच्या आपल्या घरात राहून आपल्या अकलेवर जगायचं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते आता या ओळीतल्या माणसांच्या विश्वासावर उभं होतं.

एक सोय तिने करून ठेवली होती. आठवड्याचा मजकूर एकदमच लिहून लॅपटॉपवर लावून ठेवायची. ठरल्या वेळी तो आपोआप लोकांपुढे जायचा.

लग्नसराईत बबिता चुलतबहिणीच्या लग्नाला डोंगराकडच्या दुसऱ्या एका तांड्यावर अडकली. तिथे मोबाईलला रेंज धड नसते. त्याच दिवसांत सदाशिवराव झोपेतच गेले. सकाळी आम्ही सगळे त्यांच्या अंगणात उभे. तिरडी बांधणं चालू. तेवढ्यात खिशाखिशांतून फोन वाजले. धर्मपालांनी पाहिला आणि माझ्यापुढे धरला. दारात हसत उभे सदाशिवराव, आणि खाली लिहिलेलं:

"राम राम मंडळी. आज मी दुकानात आहे. ज्याले घाई असन त्यानं घाई घरी ठेवून यावं, चहा मी पाजतो."

त्याखाली आधीच कोणीतरी लिहिलं होतं, "येतो काका, अर्ध्या घंट्यात."

रंगमंचावर मी बरेच घोटाळे पाहिले. मेलेला शत्रू शिंकलेलाही पाहिला. पण तेव्हा लोक हसतात. इथे अंगण गार पडलं. सदाशिवरावांचा मुलगा बबलू, चाळिशी ओलांडलेला पण घरच्या नावानेच ओळखला जाणारा, रडता रडता ओरडला, "माह्या मेलेल्या बापाले गल्ल्यावर बसवलं तिनं!"

दुपारपर्यंत ते वाक्य बाजारभर झालं. पंपवाल्यांनी काम थांबवायला सांगितलं. पेढेवाले म्हणाले, "आपलं नाव काढून टाक म्हणा, बाप्पा. उद्या मी मेलो तं मलेही दुकानात बसवन."

बाजारात आली की बबिता माझ्या बाकड्यावर चहा घ्यायची; निरोप मिळाल्यावर संध्याकाळी जीपमधून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. लग्नाची मेंदी हाताला तशीच.

"काका, जाऊ का नको? बबलूभाऊ हाकलतीन."

"हाकलतीन. पण विंगेत लपलेल्या नटाले कोणी माफ करत नाही, पोरी. चाल, मी येतो."

बबलू दारातच होता. "काहून आली? फोटो काढाले?"

"नाही भाऊ. चूक माही हाय, ते सांगाले आली."

"मशीननं केलं म्हणशीन आता!"

"मशीन मीच लावलती."

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात आतून मथुराबाईंचा आवाज आला. सदाशिवरावांच्या पत्नी. "कोण, बबिता होय? येऊ दे तिले."

आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मथुराबाईंना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "सकाळपासून सगळे म्हणून राह्यले, ते बोलले, ते बोलले. काय बोलले ते मले कोणी सांगत नाही. वाच."

बबिताने वाचलं.

"हे त्यायनं सांगतलं का तुह्या मनचं?"

"घाईचं त्यायचं हाय, काकू. चहाचं मी जोडलं."

"तरीच," मथुराबाई म्हणाल्या. "त्या माणसानं जन्मात कोणाले चहा पाजला नाही."

कोपऱ्यातून कोणाचं तरी हसू फुटलं. मग दुसरीचं. त्या घरात सकाळपासून कोंडलेलं काहीतरी मोकळं झालं. बायका पदर तोंडाशी धरून हसल्या आणि हसता हसता रडल्या. मी उंबऱ्याशी उभा होतो. चांगल्या नाटकातही असा क्षण क्वचित येतो.

हसू ओसरल्यावर मथुराबाईंनी बबिताचा हात धरला. रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं.

"पण बाई, रोज त्यायच्या तोंडून तू बोलत होती. सकाळी एक फोन करून पाहाचा होता ना. उचलला नसता त्यायनं, तं तुले समजलं असतं."

बबिताने पुढचा लावून ठेवलेला मजकूर तिथेच बसून पुसला आणि 'दुकान बंद आहे' एवढंच लिहून मथुराबाईंना वाचून दाखवलं.

सगळं गोड झालं असं नाही. बबलूने ते काम तिच्याकडून काढून घेतलं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पंपवालेही परत आले नाहीत. पण बाकीचे टिकले, कारण बबिताने आपली रीतच बदलली. आता आपोआप काही जात नाही. रोज सकाळी ती एकेका दुकानदाराला फोन लावते, खुशाली विचारते, घरात दुखणं-खुपणं, भांडण, सोयरसुतक काय आहे ते ऐकते आणि मगच त्याचा मजकूर सोडते. पहिल्या पहिल्यांदा बाजाराने टवाळी केली. धर्मपाल अजूनही फोन उचलताच म्हणतात, "जित्ता हाव वं माय, टाक आता!"

आणि गंमत पाहा. नवी गिऱ्हाइकं तिला त्या फोनमुळेच मिळू लागली. हैदराबादला, पुण्याला नोकरी करणारी मुलं तिला शोधून काढतात आणि म्हणतात, दिग्रसला, वणीला वडिलांचं जुनं दुकान आहे, जाहिरातीची फारशी गरजही नाही, पण तुम्ही रोज सकाळी फोन करता ना? मग आमचंही लिहा. नागपूरच्या एका ओळखीच्याने तिला समजावलं की एवढा वेळ घालवशील तर धंदा वाढणार नाही. ती "बरं" म्हणाली आणि सकाळी पुन्हा फोन लावत बसली.

परवा माझ्या ओसरीवर तिचे फोन चालले होते. मी कान देऊन होतो. एवढे आवाज एका जागी ऐकायची सवय जुनी आहे माझी. एक दिग्रसचा फोन बराच वेळ वाजला, मग पलीकडून खोकत कोणी "बोल" म्हणालं, आणि तिचा चेहरा सैल झाला. ती थांबल्यावर मी विचारलं, "पोरी, अन् एखाद्यानं उचललाच नाही तं?"

लॅपटॉप मिटत ती म्हणाली, "मंग मी पाहाले जाते, काका."