भट्टीतला हात

बायकोचा पाय शुगरनं गेला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. तिच्या तळपायांना आधीच काही जाणवत नव्हतं. हिवाळ्यात ते गार पडले म्हणून मीच टबात गरम पाणी आणलं आणि हात घालून पाहिलं. मला ते कोमट वाटलं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात जन्मभर भट्टीवर काम केलेल्या हाताला ते कोमटच वाटणार. तिनंही पाय काढले नाहीत. संध्याकाळी फोड आले, एका पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

आता ती घरी आहे. शेजारणी म्हणतात, "काका लय सेवा करून राहिले."

आज तिच्या आंघोळीची बादली नेली आणि सवयीनं पाण्यात हात घातला.

"अवो, सरका," ती खुर्चीवरून म्हणाली. "तुमच्या हाताले काय समजते? भट्टीतला हात तो."

तिनं वाकून स्वतः बोटं बुडवली आणि झटकन काढली. "कोंबडी सोलाची हाय का?"

म्हणजे त्या टबातल्या पाण्याचं तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. थंड पाण्याचा नळ सोडला आणि ती "बस" म्हणेपर्यंत उभा राहिलो.