भोइटेबाईंचा बंद लिफाफा

छप्पन-सत्तावनच्या थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माणूस माणसाला भेटला की एकच विचारायचा, तुमचं दफ्तर गेलं का? नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती, आणि तिच्या मागोमाग फायली, कपाटं, कारकून, कारकुनांची बायकापोरं असं सगळं स्टेशनाकडे चाललं होतं. संस्थान गेलं तेव्हा लोक रडले होते. मग आठ वर्षं मध्य भारत म्हणून मिरवून घेतलं, थंडीत राजधानी इथे, उन्हाळ्यात इंदूरला. आता तेही गेलं. पाटणकर बाजारातले दुकानदार म्हणायचे, आमचं गिऱ्हाईकच गाडीत भरून नेलं यांनी.

शरयू भोइटेला मात्र भोपाळला जायचं नव्हतं. तिला आफ्रिकेत, अबिसीनियाला जायचं होतं.

ती कंपू नावाच्या वस्तीच्या बाजूला मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. वय तीस, लग्न नाही, आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर अशी बघायची की तो माणूस पुन्हा विचारायचा नाही. वडील जगदेवराव दरबारच्या रिसाल्यात होते. रिसाला मोडला, घोडे गेले. तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करून, साफा बांधून तयार व्हायचे आणि कुठेच जायचे नाहीत.

शरयूनं नऊ वर्षं फळ्यावर नाईल नदी काढली होती. उगमापासून समुद्रापर्यंत, पुस्तकात न बघता. स्वतः ती आग्र्याच्या पुढे गेलेली नव्हती. म्हणून पेपरात आलं की अबिसीनियातल्या शाळांना हिंदुस्थानातले शिक्षक हवेत, तेव्हा तिनं ती जाहिरात तीनदा वाचली. निळी नाईल तिथेच निघते. घरी सांगितलं. जगदेवरावांनी साफा सारखा केला.

"तिथे घोडे असतात?"

"असतात, आबा."

"मग माणसं बरी असतील," ते म्हणाले, आणि घरातला प्रश्न मिटला.

अर्जासोबत हेडमास्तरांचा गोपनीय शेरा लागत होता. तो बंद लिफाफ्यात, लाखेची मोहोर लावून, सरळ शिक्षण खात्यात जायचा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानं तो बघायचा नाही. शाळेचे हेडमास्तर दिनकरराव. दरबारच्या शिक्षण खात्यात आयुष्य गेलेला माणूस. काळा लांब कोट, कमी बोलणं. रिसालदाराची पोरगी शिकवणार काय, असं सगळे म्हणत होते तेव्हा याच माणसानं तिला नोकरी दिली होती. शरयूला शेऱ्याची काडीचीही चिंता नव्हती.

महिन्याभरानं, जानेवारीत, मानसिंगमामानं बोलावणं पाठवलं. मामा शिक्षण खात्यात कारकून. ती गेली तेव्हा दफ्तरात पाय ठेवायला जागा नव्हती. फायली लाल कापडात बांधून त्यांचे बस्ते भिंतीला लावलेले, प्रत्येकावर खडूनं 'भोपाल' लिहिलेलं. मामानं इकडे तिकडे पाहिलं आणि तिला कपाटाच्या आड नेलं.

"देख बेटा, मी सांगितलं असं कुठे बोलू नको. नोकरी जाईल माझी. तुझा लिफाफा काल साहेबांनी उघडला."

"मग?"

"मग काय. दोन ओळी आहेत फक्त. कार्य संतोषजनक. शिकायत नहीं मिली. बस. खाली सही." मामानं हात झटकले. "बाकीच्यांचे बघ. एकाच्या शेऱ्यात लिहिलंय, असा शिक्षक शंभर वर्षांत होत नाही. आणि त्याला धड सही येत नाही, मला माहीत आहे. भोपाळला सगळे नवे लोक बसलेत, नागपूर-जबलपूरकडचे. ते तुझा कागद बघतील आणि म्हणतील, हेडमास्तरच इतका थंड आहे तर बाईत काहीतरी खोट असणार."

शरयूची कानशिलं तापली. नऊ वर्षं. पावसानं शाळेचं छप्पर बसलं होतं त्या साली चार महिने निंबाखाली वर्ग घेतले होते तिनं. आणि दोन ओळी.

"एक काम करू," मामा आवाज खाली आणून म्हणाला. "बस्ते गुरुवारी जातात. बांधताना एखादा कागद गळला तर कोण बघायला बसलंय? तू कोणा मोठ्या माणसाकडून एक झकास शिफारस आण. मी घालून देतो."

"नको."

"अगं, खामखा हरिश्चंद्र नको बनू."

"मामा, त्यांनी सही करून लिहिलंय. काढायचं तर ते काढतील. आपण चोर आहोत का?"

मामानं कपाळावर हात मारला. मंगळवार होता तो.

शाळेत उषाताईंना सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. मामाचं नाव घेतलं नाही, एवढंच. उषाताई शिवण शिकवायच्या आणि सगळ्यांच्या पोटातलं ओळखायच्या, निदान असं त्यांना वाटायचं.

"मुद्दाम केलंय गं त्यांनी. तू गेलीस तर भूगोलाला दुसरं कोण मिळणार आहे यांना? नव्या राज्यात जागा भरायची बंदी आहे. म्हणून पाणी घातलं तुझ्या अर्जात."

"दिनकरराव तसे नाहीत."

"मग कसे आहेत ते? दोन ओळींचे?"

हे शरयूला जास्त लागलं. त्या दुपारी वर्गात तिनं नाईल काढायला घेतली आणि खार्टुमपाशी पुसून टाकली.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती दिनकररावांच्या घरी गेली. पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. वाटेत शंभरदा घोकलं होतं की शेऱ्याचं काही माहीत आहे असं दाखवायचं नाही. नुसतं विचारायचं की मुलाखतीत माझी उणीव विचारली तर काय सांगू. तेवढ्यावरून ते काय ते बोलतील.

तिनं तसंच विचारलं. दिनकररावांनी चष्मा काढला.

"उणीव? कुणाची?"

"माझी, सर."

"उणीव असती तर मी लिहिली नसती?" मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मानसिंग बोलला वाटतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून. माझ्याच हाताखाली शिकलाय."

शरयूनं मान खाली घातली. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि तसंही तिला लपवता येत नसे.

"सर, दोनच ओळी लिहिल्या तुम्ही. नऊ वर्षांच्या. मी काय कमी केलं ते सांगा, मी जाते."

म्हातारा खरोखर गोंधळला. उठून आतून एक वही घेऊन आला. दरबारच्या काळापासून लिहिलेल्या प्रत्येक शेऱ्याची नक्कल त्यात होती. पानं उलटत गेले. काम चालू आहे. काम चालू आहे. सुधारणा व्हावी. काम चालू आहे.

"आमच्या खात्यात चांगल्या माणसाचा शेरा म्हणजे 'काम चालू आहे'. कोणी जास्त लिहिलं की वरचे विचारायचे, हा तुमचा जावई आहे का? शिफारशीचा वास यायचा त्याला. मला स्वतःला एकतीस वर्षांत 'संतोषजनक' एकदाच मिळालं. त्या दिवशी आमच्या घरी श्रीखंड केलं होतं." त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "आणि मी हा शब्द दोनच जणांना लिहिलाय. तुम्ही दुसऱ्या."

शरयूला हसू आलं.

"सर, भोपाळला आता दरबार नाही. तिथे सगळ्यांचे शेरे शंभर वर्षांत असा झाला नाही, असे आहेत. तुमचा शब्द त्यात बुडून जाईल."

हे त्यांना लागलं. वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले. एकतीस वर्षं ज्या मापानं मोजलं ते माप बाजारातून उठलं, हे त्यांना त्या घटकेला कळलं असावं.

"मी खोटं फुगवून लिहिणार नाही, बाई."

"फुगवू नका. विशेषणं अजिबात नको. जे पाहिलंत तेवढंच लिहा. आणि तुमचा हा शब्द किती जणांना दिला तेही लिहा. पहिला कागद राहू द्या तिथेच."

त्यांनी चष्मा परत लावला. दौत पुढे ओढली. ती निघायला उठली, कारण लिहिताना तिनं बघायचं नव्हतं. तेवढा नियम दोघांनीही पाळला. ती ओट्यावर बसून राहिली, समोरच्या हलवायाकडची गर्दी बघत. दिवेलागणीला दार उघडलं. हातात बंद लिफाफा, लाख अजून ओली.

"मीच नेऊन देतो सकाळी. तुमच्या हातून नको. मानसिंगच्या हातून तर मुळीच नको."

गुरुवारी सकाळी तो काळा कोट दफ्तरात आला तेव्हा मामानं शेवटच्या बस्त्याची गाठ मारली होती. मास्तर समोर उभे बघून मामा आपोआप उठला, ती गाठ सोडली, लिफाफ्याची आवक नोंदवली आणि पहिल्या कागदाच्या वर लावला. दिनकरराव एवढंच म्हणाले, "नीट बांध." असं मामाच नंतर वर्षानुवर्षं सांगायचा, आणि सांगताना उभा राहायचा.

मार्चमध्ये भोपाळला मुलाखत झाली. अधिकारी जबलपूरकडचा होता. त्यानं मोठमोठ्या शेऱ्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि तिचे दोन कागद समोर घेतले. "चार महीने पेड़ के नीचे पढ़ाया और एक भी लड़की ने स्कूल नहीं छोड़ा?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "एक ने छोड़ा था. शादी हो गई थी उसकी." तो हसला आणि त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

जूनमध्ये हुकूम आला. अदीस अबाबा, तीन वर्षं.

शाळेतून सुटकेच्या कागदावर दिनकररावांची सही लागत होती. त्यांनी केली, टीपकागद दाबला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भूगोलाला माणूस मिळणार नाही. मी चौकशी केली होती. डिसेंबरातच."

म्हणजे दुसरा कागद लिहायला बसले तेव्हा त्यांना माहीत होतं. शरयूनं कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ती किल्ल्या द्यायला शाळेत आली तर तिच्या वर्गातून त्यांचा आवाज येत होता. खिडकीतून दिसलं, त्यांनी माळ्यावरचा जुना नकाशा काढून लावला होता. त्यात अजून संस्थानं होती, ग्वाल्हेर पिवळ्या रंगात. छडी त्या पिवळ्यावरून हळूहळू फिरत होती, आणि ते मुलींना सांगत होते की इथून इथपर्यंत आपलं संस्थान. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, आता हे असं नाही. भोइटेबाईंनी सांगितलंय."

दिनकरराव थांबले. "बाईंनी सांगितलं असेल तर बरोबर असणार," ते म्हणाले. "या, तुम्ही दाखवा आता कसं आहे ते," आणि छडी त्या मुलीच्या हातात दिली.

शरयूनं किल्ल्या उषाताईंकडे ठेवल्या आणि खिडकीवरून न जाता मागच्या दारानं बाहेर पडली.