आधी डावा हात

गाडी घेऊन आलेल्या माणसाचा डावा हात हकीम आधी मागून घेत. उजवा नव्हे, डावा. तो धरून उताणा करत, बोटांच्या मुळाशी अंगठा फिरवत आणि मगच गाडीकडे वळत. आळेफाट्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. राहायला जुन्नरला, सकाळच्या एसटीनं यायचे. जुन्या, जड मोटरसायकलींचे क्लच हा त्यांचा खास प्रांत. हात बघण्याच्या या खुळापायी कुणीतरी त्यांना हकीम हे नाव ठेवलं आणि पुढे त्यांच्या घरची माणसंही फाट्यावर याच नावानं चौकशी करू लागली.

माझा हात त्यांनी पहिल्यांदा धरला तेव्हा मला रागच आला. मी मंचरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. क्लच कसा चालतो हे फळ्यावर आकृती काढून सांगू शकत होतो, आणि आकृती काढता येते म्हणजे गाडी कळते असा माझा त्या काळी समज होता. "प्लेटा गेल्यात, बदलून टाका," असा निकालही मी गाडीवरून उतरता उतरता दिला. हकिमांनी तो ऐकून घेतला. म्हणाले, "मास्तर, गाडीला काय व्हतंय ते सांगा. काय करायचं ते सांगू नका." मग माझ्या मधल्या बोटांखालचा घट्टा दाबला. "ही दोन बोटं कायम लिव्हरवर असत्यात तुमची. अर्धा क्लच दाबून चालवताय. प्लेटा टिकतील कशा?"

गॅरेजच्या भिंतीवर चाकाच्या उंचीला एक काळा पट्टा पडला होता. पुढचं चाक त्या भिंतीला टेकवायचं, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर क्लच धरतोय. नुसतंच ओरडत राहिलं तर घसरतोय. एवढी साधी तपासणी, पण ती झाल्याशिवाय हकीम पान्याला हात लावत नसत. "आधी केबल, मग तेल, मग प्लेटा," ते म्हणत, "अन् ह्या सगळ्याच्या आधी माणूस." एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या प्लेटा दर चार महिन्यांनी जळायच्या. त्याच्या उजव्या हातातली चांदीची अंगठी हकिमांनी डाव्या हातात घालायला लावली आणि सांगितलं, लिव्हरवर वाजली की समजायचं, बोटं परत तिथं गेली. त्यानंतर तो गडी फाट्यावरून हात हलवून जायचा, थांबायचा नाही. गिऱ्हाईक असं घालवणारा दुसरा मेकॅनिक मी पाहिला नाही.

गाडी खरं तर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. साडेतीनशे सीसीची, माझ्या जन्माच्या आधीची. आमचं घर कळंबला आणि थोडं रान लोणीला. अण्णा रोज त्या गाडीवरूनच रानात जात. गाडीवर बसले की ते दहा वर्षांनी लहान दिसत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात ते कुरकुर करू लागले, "क्लच लई जड झालाय रं." मी केबलला तेल सोडलं. मग नवीन केबल टाकली. तरी कुरकुर थांबेना. शेवटी जवळच्याच एका गॅरेजात, हकिमांना न विचारता, मी क्लचच्या स्प्रिंगा सैल करून घेतल्या. लिव्हर लोण्यासारखा मऊ झाला. अण्णा खूश, आणि मी तर स्वतःवर फारच खूश.

पंधराच दिवसांत, मागे खताचं पोतं बांधून अण्णा एका चढावर आले. इंजिन जोरात ओरडलं, गाडी पुढे सरकेना, उलट मागे घरंगळली आणि पोत्यासकट चरात गेली. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून आम्ही दोघं आळेफाट्याला गेलो.

भिंतीपाशी इंजिन ओरडतच राहिलं. हकिमांनी डाव्या बाजूचं झाकण उघडलं आणि आत बघून विचारलं, "स्प्रिंगा कुणी सैल केल्या?"

"मी करून घेतल्या. अण्णांना जड जात होतं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "अण्णा, कधीपास्नं जड जातंय?"

"दिवाळीपास्नं. त्याच्या आधी कायबी न्हाई."

हकिमांनी स्प्रिंगा होत्या तशा आवळल्या. लिव्हर आधी स्वतः दाबून पाहिला, मग मला दाबायला लावला. जड मुळीच नव्हता. मग त्यांनी हात पुसले आणि दोन्ही पंजे अण्णांपुढे धरले. "दाबा. दोन्ही संगट, जोरात." अण्णांनी दाबले. हकिमांचा उजवा पंजा अण्णांच्या डाव्या हातात तसाच सैल राहिला, हे मी दोन हात अंतरावरून पाहिलं आणि मला काहीही कळलं नाही.

"क्लचला कायबी झालेलं न्हाई," हकीम म्हणाले. "मास्तर, यांना पुण्याला न्या. ह्याच आठवड्यात."

अण्णांना ते कळलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "रानापुरता तेवढा सैल करून दे की, बाबा."

"पाच मिंटाचं काम हाय, अण्णा. पर सैल केला तर किती जोर गेला ते तुमाला कळायचंच न्हाई."

पुण्याच्या डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. आणखी चार-सहा महिने गेले असते तर पायही गेले असते, असं ते म्हणाले. अण्णा चालत घरी आले, पण डाव्या हाताची पकड काही परत आली नाही आणि गाडी कायमची सुटली. मायेपोटी मी त्यांच्या दुखण्याची खूणच पुसायला निघालो होतो, याची लाज मला अजून वाटते. अण्णांचा राग मात्र हकिमांवर. वर्षभर त्यांनी हकिमांचं नाव काढू दिलं नाही. मग एके दिवशी काठी घेऊन एकटेच एसटीनं आळेफाट्याला गेले आणि आपला डावा हात हकिमांपुढे धरला. तो हात हकिमांनी दोन्ही हातांत घेतला, असं अण्णांनीच घरी येऊन सांगितलं.

पुढे रस्त्यावर हलक्या गाड्या आल्या, जुन्या गाड्या कमी झाल्या. हकीम फाट्यावर यायचे, पण काम थोडं. एकदा मी अण्णांची गाडी घेऊन गेलो आणि नेहमीसारखा डावा हात पुढे केला. त्यांनी तो धरला. अंगठा फिरला, पण त्यात दाब नव्हता. मी मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापास्नं. पुण्याला दाखवून आलो, मास्तर. अण्णांसारखं न्हाई माझं, हे वाढत जाणारं हाय." मग हसून म्हणाले, "पर तुमी बरोबर इचारलं. काय करायचं ते न्हाई सांगितलं."

वर्षभरात ते गेले. पण हे बोलणं झालं त्या दिवशी गॅरेज लवकर बंद करून मी त्यांना मागे बसवलं आणि जुन्नरला घरी सोडायला निघालो. ओतूरच्या पुढे त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केलं.

"मास्तर, दोन बोटं काढा."

मी लिव्हरवरची बोटं काढली.