ससे पास, पण कशात?

“ससे पास?” भास्करने दारातूनच विचारलं.

“पास!” मी ओरडलो. घोळ तिथेच सुरू झाला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तारापूर एमआयडीसीत माझी टेस्टिंग लॅब होती. दुसऱ्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून मी ती उभी केली, तरी मोठ्या कंपन्यांचे साहेब मला ‘सशेवाला’च म्हणत. तो राग अजून गेलेला नाही. काम असं: इंजेक्शनचं औषध विकायला जाण्याआधी थोडंसं सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि ताप बघायचा. चढला नाही तर बॅच पास. ही पायरोजन टेस्ट. औषधात ताप आणणारी घाण आहे की नाही, एवढंच ती सांगते. पण अख्ख्या इस्टेटीत ‘ससे पास’ म्हणजे माल चोख, असाच अर्थ होऊन बसला होता.

ससे पुरवायचा केळव्याचा भास्कर. वाडीत नारळीखाली त्याचे पिंजरे. त्याच्या मुलाला, नितीनला, हिमोफिलिया. जरा लागलं तरी रक्त थांबायचं नाही, गुडघे सुजायचे, की निघाले मुंबईला, प्लाझ्मा चढवायला.

त्या दिवशी तपासायला आलेली बाटली नेहमीची नव्हती. जीन थेरपी! रक्त गोठवणारा पदार्थ शरीरात तयार व्हायला एक जीन लागतो. नितीनचा तो बिघडलेला. चांगला जीन दुबळ्या केलेल्या विषाणूवर लादून आत पाठवायचा. परदेशात अशा उपचारांच्या चाचण्या आत्ता कुठे सुरू झाल्या होत्या, आणि तो माल माझ्या टेबलावर! सशांचा ताप मी स्वतः घेतला. एकाही साहेबाने असलं काही पाहिलं नव्हतं.

“मंग शनवारी पालघरला डाक्टरकडं टोचून घेतो पोराला,” भास्करचे डोळे चमकत होते. “माजेच ससे पास झाले, आता भ्यायचं काय?”

बाटली आणणारा सूटवाला एजंट समोरच बसला होता. नितीनसाठी भास्करला यानेच गाठलं होतं. “रिपोर्टवर फक्त ‘सुरक्षित’ लिहा. पुढचं सगळं टेस्टिंग तुमच्याकडेच.”

मोह झाला. पण फुकट शब्द मी कुणाला देत नाही. कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

“लिहितो. आधी तुम्ही लिहा. विषाणू आत जाऊन पुन्हा जोर धरणार नाही. शरीर त्याच्यावर उलटणार नाही. जीन भलत्या जागी बसून कॅन्सर होणार नाही. खाली सही.”

“असं कोण लिहून देईल?”

“मग मी का देऊ?”

“अहो, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही! त्यासाठीच तर पेशंट हवेत.”

भास्कर सावकाश त्याच्याकडे वळला. “आनि पोराला नाय सोसलं, तर परत काडता येतं?”

“काढता नाही येत. पण गुण आला तर जन्मभर...”

“आनि बिगाडलं तर? ते बी जन्मभरच ना?”

माझं डोकं फिरलं. “हे त्याला आधी का नाही सांगितलंत?”

“घाबरले असते.”

“घाबरायचा हक्क त्याचा आहे! उचला बाटली!”

बाटली गेली, काम गेलं. माझ्या रिपोर्टवर ‘ताप नाही’ एवढंच राहिलं. शनिवारी भास्कर पालघरला गेला नाही. नितीनच्या मुंबईच्या खेपा चालूच राहिल्या. पुढे कितीतरी दिवस भास्कर ससे उतरवून न बोलता निघून जायचा. आशा मी मोडली होती, मग राग माझ्यावरच. आभार दूरच.

उपचार खोटा होता असं मी आजही म्हणत नाही. पण तपासायच्या आधीच एजंट तो विकायला निघाला होता.

त्यानंतर मी प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर काय तपासलेलं नाही ते छापायला लागलो. गिऱ्हाइकं कुरकुरायची. एकदा एका बॅचवर मी नेहमीसारखा ओरडलो, “ससे पास!”

पिंजरा उतरवता उतरवता भास्कर बऱ्याच दिवसांनी बोलला, “कशात पास, शेठ?”