आप्पाच्या दमाची जागा

बद्रीनाथला हाक मारली की तो लगेच ओ देत नसे. आधी थांबायचा, मान जराशी तिरकी करायचा, आणि आपण भलत्याच माणसाला बोलावलं की काय अशी शंका हाक मारणाऱ्याला यायला लागली की मग म्हणायचा, "हां." गावात काही जण त्याला बहिरा समजत, काही जण गर्विष्ठ. हे त्याला तोंडावर कुणी सांगितलं नाही, कारण सांगून उत्तराची वाट कोण बघणार? बायको मंगल मात्र चारचौघींत म्हणायची, "ह्यांना काई इचारलं की आदी आप्पाला इचारून येत्यात, मंग बोलत्यात."

आप्पा म्हणजे गावाचे कीर्तनकार. नेकनूरच्या रस्त्याला लागून असलेल्या या गावात सप्ताह बसला की काल्याचं कीर्तन आप्पांचं, आणि त्यांच्या शेजारी मृदंग घेऊन बद्रीनाथ, ही रीत दोघांची काळी दाढी पांढरी होईपर्यंत चालली. आप्पांना दमा होता. मळणीयंत्रावरचा भुसा छातीत गेला असं ते सांगत, डॉक्टर बिडीचं नाव घेत. कारण काही असो, अभंगाचं चरण संपवून पुन्हा धृपदावर यायचं, त्या वळणावर आप्पांची छाती अडायची. एक बारीक शीळ वाजायची, खांदे वर जायचे, आणि मग शब्द पडायचा. दुसरा कुणी मृदंगाला बसला तर त्याची थाप तोवर पडून गार झालेली असे. बद्रीनाथची थाप आप्पांच्या खांद्यांना टांगलेली असायची. खांदे खाली आले की शब्द आणि थाप एकदमच भुईवर. मंडपात माना डोलायच्या. ही गाण्यातली काहीतरी खोल जागा आहे, असं लोकांना वाटे. बाहेरगावचे दोन तरुण कीर्तनकार तर ती जागा शिकून गेले. त्यांच्या छात्या ठणठणीत होत्या, तरी त्या वळणावर ते खांदे उचलू लागले.

बद्रीनाथला मात्र ती जागा कधी शिकावी लागली नाही. ती त्याच्या अंगात भिनली. रस्ता ओलांडायचा, एस.टी.त चढायचं, सोयरिकीच्या बैठकीत होय म्हणायचं, सगळ्याच्या आधी त्याला कुणाचे तरी खांदे खाली यायची वाट असे. थोरल्या मुलीचं एक चांगलं स्थळ असंच गेलं. पाहुण्यांनी विचारलं, "मंग पसंत हाय न्हवं?" आणि बद्रीनाथ थांबला. पाहुणे तालुक्याचे होते. त्यांनी तेवढ्या वेळात चपला घातल्या.

त्याच गावात हनुमान राहायचा. तो बँड पार्टीत ताशा वाजवी. वरातीचं शास्त्र कीर्तनाच्या अगदी उलट. तिथं कुणाची वाट बघायची नसते. नाचणाऱ्यांचे पाय मागेच पडतात, नवरदेवाची घोडी अडते, मुहूर्त टळून गेलेला असतो, आणि ही सगळी गर्दी ताशाने मांडवापर्यंत ओढत न्यायची असते. म्हणून हनुमानचा हात कायम पाऊलभर पुढे. बोलण्यातही तसंच. समोरच्याचं वाक्य तोच पुरं करायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं करायचा.

एका सप्ताहात हनुमानने मृदंगाला हात लावू द्या म्हणून गळ घातली. बद्रीनाथने एका अभंगापुरती जागा दिली. हनुमानने आप्पांना असं काही पळवलं की दुसऱ्या चरणाला आप्पा खोकत खाली बसले. भर मंडपात, माईक चालू असताना, बद्रीनाथ म्हणाला, "हनुमान, नवरदेव मागं राह्यला की बे!" मंडप हसला. खोकता खोकता आप्पाही हसले. हनुमानही हसला, आणि त्यानंतर त्याने मृदंगाला बोट लावलं नाही.

आप्पा गेले. त्यांच्यानंतर गावात येऊ लागलेल्या कीर्तनकारांचे व्हिडिओ मोबाईलवर असत आणि मृदंगवाला त्यांच्याच गाडीतून उतरे. एकदोघांनी मोठ्या मनाने बद्रीनाथला साथीला घेतलं. एकाने अभंग मध्येच थांबवून विचारलं, "बाबा, झोप लागली का?" लोक हसल्यावर पुढच्या विनोदासाठी थांबण्याची त्या कीर्तनकाराला सवय होती. त्यामुळे बद्रीनाथलाही उत्तर द्यायला पुरेसा वेळ मिळाला. पण उत्तर काय द्यायचं? माणूस वेगळा होता, छाती वेगळी होती. मृदंग खुंटीला गेला.

मग आप्पांच्या पुण्यतिथीची बैठक झाली. भजनी मंडळाचे अध्यक्ष बबनराव. जिल्हा परिषदेला पडल्यापासून त्यांची भक्ती वाढली होती. त्यांनी बेत सांगितला. आप्पांनी शेवटच्या आजारपणात खाटेवर बसून, हाताने ताल धरून, एकट्याने म्हटलेला एक अभंग कुणाच्या तरी मोबाईलमध्ये होता. तो स्पीकरवर लावायचा. व्यासपीठावर आप्पांचा फोटो, आणि फोटोशेजारी बद्रीनाथने मृदंग धरायचा.

"आप्पासंगं दुसऱ्या कुनाचा हात बसत न्हाई, ह्ये आख्ख्या गावाला ठाव हाय," बबनराव म्हणाले. "आवंदा जमलं, तर दरसाल तुमचीच जागा. न्हाई जमलं तर पाव्हन्यांचा मृदंग हायच."

बद्रीनाथ यावेळी अजिबात थांबला नाही. "जमंल," म्हणाला. मंगलने ते ऐकलं तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याला ताप आहे.

त्याने बीडला जाऊन मृदंगाच्या तोंडावरची कातड्याची पुडी बदलून आणली. तालीम मात्र केली नाही. आप्पांबरोबर तालीम करायची म्हणजे बायकोला रोज नाव विचारण्यासारखं. त्या दिवशी सकाळी त्याने डाव्या पुडीवर कणीक लावली, बोटाने दाबून पाहिली, आणि फेटा बांधून वेळेआधी जाऊन बसला. हेही त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

आवाज स्वच्छ करून देण्याचं काम पप्पूकडे होतं. पप्पू हनुमानचा मुलगा. नेकनूरला त्याचं साउंड सिस्टिमचं दुकान, लग्नसराईत डीजे. बापाची वेळ हातात होती, बद्रीनाथची दुसऱ्याच्या छातीत. पप्पूची वेळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या रेघा आखून तयारच मिळे. आवाज रेघेवर बसला तर बरोबर, रेघेच्या अलीकडे-पलीकडे राहिला तर तो ओढून बसवायचा. पप्पूचा आप्पांवर जीव होता. त्याने हे काम श्रद्धेने केलं. नुकसान झालं ते त्या श्रद्धेनेच, निष्काळजीपणाने केलं असतं तर बरंचसं वाचलं असतं.

अभंग सुरू झाला. आप्पांचा आवाज तिशीतला वाटावा इतका मोकळा आला. मंडपात बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पहिलं चरण बद्रीनाथने डोळे मिटून वाजवलं. चरण संपलं, वळण आलं, हात वर गेला आणि शिळेची वाट बघत थांबला.

शीळ आली नाही. शब्द पडून गेला. थाप मागून एकटीच पडली, दार लागल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी.

पहिल्या वेळी लोकांना वाटलं स्पीकरचा दोष. दुसऱ्या वेळी टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या वळणावर बद्रीनाथने मनाशी ठरवलं, थांबायचं नाही. पण ठरवणारं मन त्याचं होतं, हात आप्पांचा होता. हात थांबला. त्याने फोटोकडे पाहिलं. फोटोतले खांदे काही हलेनात. मग गजर आला, लय वाढली, आणि जिवंतपणी गजराला दोनदा पाणी मागणारे आप्पा कुठेही न अडता असे सुटले की टाळकऱ्यांनाही धाप लागली. बद्रीनाथने दोन्ही तळवे पुड्यांवर ठेवले आणि मृदंग मुका केला. आप्पांनी राहिलेला अभंग एकट्याने पुरा केला. काही अडलं नाही.

त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून हनुमानचा आवाज आला, "बद्री, नवरदेव फुडं गेला की बे!"

मंडप हसला. किती वर्षं त्याने हे वाक्य जपून ठेवलं होतं कोण जाणे, पण यावेळी त्याची वेळ अचूक होती.

बद्रीनाथ उठून व्यासपीठामागे पप्पूकडे गेला.

"पप्पू, आप्पाचा दम कुटं गेला?"

पप्पूचा चेहरा उजळला. कुणीतरी कामाची दखल घेतली होती. "काडला की काका! शिळ, खोकला, समदं उचलून फेकलं. येक बी ठिवला न्हाई. आन सांदे आसे जोडले की कुनाला कळायचं न्हाई."

"त्या जागा व्हत्या, पप्पू."

"जागा?" पप्पूने प्रामाणिकपणे विचार केला. "रिकाम्याच व्हत्या की काका."

बद्रीनाथ तसाच बबनरावांसमोर गेला. भोवती मंडळी होती. तो म्हणाला, "अध्यक्ष, मपला हात मागं न्हवता. आप्पा आसं गातच न्हवते. थितं थांबायचे. पोरानं थांबनं काडून टाकलं."

बबनरावांनी भुवया उंचावल्या. "म्हंजी आप्पा बेताल व्हते, आसं म्हनायचं का तुमाला? आन त्ये बी त्यांच्या पुन्यतिथीला?"

याला उत्तर होतं. बद्रीनाथने मान तिरकी केली. ते उत्तर त्याच्या नेहमीच्या वेळेने निघालं होतं, पण गाव तेवढा वेळ द्यायला तयार नव्हतं.

"बोला की! आता कावून गप?" कुणीतरी म्हणालं.

बबनरावांची सून तेजश्री बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने तबल्याच्या परीक्षा दिल्या होत्या. पूर्ण अभंगभर ती बोटांवर मात्रा मोजत होती, आणि खरे आप्पाही तिने लग्नाच्या वर्षी ऐकले होते. कुठे काय कापलं गेलं हे ऐकणाऱ्यांत तिलाच कळलं होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि बोटं मिटून घेतली.

तेवढ्यात आप्पांच्या पत्नी रुक्मिणीबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा निवांत होता. "बद्रीभावजी, कुनी काई म्हनू द्या. मला आज पैल्यांदा ह्यांचं गानं बिनघोर आयकाया मिळालं. न्हाईतर चरन सुरू झालं की माजा जीव टांगनीला, ह्यातून वर येत्यात का न्हाई म्हनून. जल्मभर गानं कुटं आयकलं मी? दमच आयकला."

ज्या जागेवर बद्रीनाथने आयुष्य काढलं, ती जागा म्हणजे या बाईची जन्मभराची धास्ती होती. हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तो नेहमीपेक्षाही जास्त वेळ थांबला. मग म्हणाला, "मपलंच चुकलं."

त्याचं उत्तर एवढ्या पटकन सगळ्यांना कधी पटलं नव्हतं.

पप्पू मनाचा चांगला. महिनाभराने तो घरी आला. "काका, तुमचा बी हात रेकॉर्ड करून ठिवू. फुडच्या साली आप्पासंगं तुमीच वाजताल. मी सरळ करून घेतो." बद्रीनाथ नेकनूरला गेला. जागा राखायची दुसरी वाट उरली नव्हती. दुकानाचं शटर खाली ओढून, कानाला हेडफोन लावून, त्याने कुणाच्याच साथीला नसलेला ठेका वाजवला. कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून जमेल तिथे थांबला. ते सगळं पप्पूने नंतर काढलं.

पुढच्या पुण्यतिथीला फ्लेक्सवर आप्पांच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, मृदंगसाथ: बद्रीनाथ. व्यासपीठावर फोटो आणि दोन स्पीकर. थाप आणि शब्द असे एकावर एक पडत होते की मध्ये सुईसुद्धा जाणार नाही. "हात सुदारला बरं का तुमचा," शेजारच्या एकाने सांगितलं. बद्रीनाथ खाली चटईवर बसला होता. त्याच्या बाजूला हनुमान.

गजर लागला, मंडपाने टाळी धरली. हनुमानची टाळी सगळ्यांच्या आधी पडे, बद्रीनाथची सगळ्यांच्या नंतर. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली. थोड्या वेळाने मंडळाचा एक कार्यकर्ता वाकून अदबीने म्हणाला, "बाबा, पयली पंगत बसतीया. तुमी म्हाताऱ्या मानसांनी आदी जेवून घ्या."

"चल बे," हनुमान म्हणाला. तो आधीच उठला होता. "जेवाया तरी येळंवर जाऊ."

पंगतीत ऐकू येईल असा एक स्पीकर पप्पूने तिकडेही लावला होता. आप्पा शेवटच्या चरणावर आले होते. वाढपी बादली घेऊन बद्रीनाथच्या पानासमोर आला. "भात?"

बद्रीनाथने मान तिरकी केली. स्पीकरवर आप्पांनी चरण संपवलं आणि न थांबता धृपद घेतलं. हनुमानच्या पानात दोनदा भात पडला. बद्रीनाथ "हां" म्हणाला, तेव्हा बादली पंगतीच्या टोकाला गेली होती.