एका वाराच्या बोलीवर

"एक वार म्हनलासा. आज आठवा दिवस. काढा माझी वार."

"मावशी, वार अशी परत देत न्हाईत. तुमी अंगठा दिलाय कागदावर."

"एक वार ठेवायला दिलीय! जन्माची दिली न्हाय!"

"एक वार कोण म्हणालं तुमाला?"

"तुमचीच बाई. काचेच्या बांगड्यावाली. बोलवा तिला हितं, माझ्या तोंडावर सांगू दे."

बेळगावातल्या एका दवाखान्याच्या तळघरात, पेशी तपासायच्या खोलीच्या दारात हे चाललं होतं. दारात गुंजीच्या मालुबाई. आत हातमोजे घातलेली सोनमआक्का. एकोणीस वर्षं याच खोलीत काम करणारी. मालुबाईंच्या सुनेचं, पूर्णिमाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आणि तिची वार तपासायला इथं आली होती.

वॉर्डातली आया यल्लव्वा पदराला हात पुसत आली.

"मी काय खोटं बोललो काय आक्का? कागदावर लिवलंय की, 'वार ठेवण्यास संमती आहे.' म्हणून अज्जीला सांगितलो. ओंद वार इटकोतार्री, आम्याल तगोंड होग्री. एक आठवडा ठेवत्यात, मग घिऊन जावा. वार म्हंजे आठवडाच की ओ!"

"आणि बाळंतिणीची वार?"

"त्याला आमी मासु म्हणतो! मासु पायजे तर मासु म्हणून लिवायचं की!"

कानडीत वार म्हणजे आठवडा, मराठीत वार म्हणजे बाळाला नऊ महिने पोसणारी ती. कागद मराठी, वाचणारं तोंड कानडी, आणि बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा ऐकून म्हातारी झालेली मालुबाई. खोटं कुणीच बोललं नव्हतं. सोनमआक्काला आणखी लागलं ते वेगळंच. तो कागद तिनंच लिहिला होता. डॉक्टरांनी 'प्लॅसेंटा' घातलं होतं. "बायकांना कळंल असं लिवूया की सर," म्हणून तिनं 'वार' केलं होतं. वर चार लोकांना कौतुकानं दाखवलंही होतं.

"या मावशी, बसा. कशाला पायजे वार?"

"लेकरू शेताच्या कडेला पुरलंय. वार त्येच्या उशाला पायजे का नको? एकटं पडलंय ते." मालुबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "एवढं जोडीचं होतं त्येच्या. तेबी तुमी ठिवून घेतलासा."

सोनमआक्कानं मोजे काढले.

ती निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर. नुसत्या बोटांनी पानाचा दर्जा सांगायची, आणि जन्मभर खोकायची. पोरगी शिकली, दवाखान्यात लागली, तेव्हा वस्तीत पेढे वाटले. पण काम काय ते कळल्यावर काका उखडले होते. "मेलेलं मास कापायचं? अगं, ह्याच कामातनं सुटायला बाबासाहेबांनी शिका म्हनलं न्हवं?" सोनम तेव्हा बावीस वर्षांची. म्हणाली, "तवा लोकांनी सांगितलं म्हणून करायचो काका. आता मी सांगते आणि लोक ऐकत्यात." काका सहा महिने बोलले नाहीत. नंतर त्यांच्याच घशातली गाठ हिच्या हाताखालून गेली. कॅन्सर नाही, हे त्यांना सांगायला ती निपाणीला स्वतः गेली होती.

"मावशी, खरं सांगते. तुकडे करून मेणात बसवलेत. उरलेलं औषधात हाय. ते औषध विष असतंय, ते मातीत घालून चालत न्हाय. वार मला देता येत न्हाय. पण ती काय म्हणाली, ते सांगू शकते."

"वार बोलती व्हय?"

"बोलती की. तेच डॉक्टरनं सांगितलं तुमच्या मुलाला."

"सौरवला इंग्रजीत सांगितलं. त्यो म्हणतो व्हायरस. ते काम्प्युटरला असतंय न्हवं?" मालुबाईंनी नाक मुरडलं. "मला ठाऊक हाय काय झालं ते. ऐकंना ती पूर्णिमा. बालवाडीच्या नोकरीला जाऊ नको म्हनलं, गेली. पपई खाऊ नको म्हनलं, खाल्ली. घातलीय आता संकेश्वरला, माहेरी. बसू दे."

"कधी आणणार?"

"बघू."

ते 'बघू' सोनमआक्काला आवडलं नाही. तिनं वारेच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि स्टूल पुढं ओढलं. "डावा डोळा तळहातानं झाका. पापणी मिटू नका."

"माझ्याच पापणीचं केस दिसाय लागल्यात."

"जरा मागं सरा. आता?"

"...गुलाबी हाय. लुगड्यागत."

"मधे एक मोठी, फुगलेली पेशी दिसतीय?" पुस्तकात या पेशीला घुबडाच्या डोळ्याची म्हणतात. ते जिभेवर आलं होतं, सोनमआक्कानं गिळलं. या बाईच्या हाती घुबड देऊन चालणार नव्हतं. "मोरपिसावर डोळा असतोय बघा, तसली."

"व्हय व्हय. हाय."

"त्यात विषाणू शिरलाय. वारेची वरची साल, आईच्या रक्तात भिजलेली, अखंड असती. तिथल्या पेशी एकमेकींत मिसळून एकच झालेल्या. मधे सांधा न्हाय. तिथनं त्याला सहसा शिरता येत न्हाय. मग तो कुठनं शिरतो? तुमचं भाताचं शेत हाय न्हवं? बांध धड असून पाणी कसं जातंय?"

"खेकडं भोक पाडत्यात की. बुडाला. सांध्याला."

"तसंच! वार पोटात मुळ्या रोवती, तिथं पेशी सुट्या असत्यात. तिथनं शिरला. एकीतनं दुसरीत, दुसरीतनं तिसरीत. वार सुजली, बाळाकडं जाणारं रक्त कमी पडलं. पपईनं न्हाय झालं हे."

"मग आला कुठनं त्यो?"

"बारक्या पोरांच्या लाळेतनं येतोय. मोठ्याला नुसती कणकण. कधी तीबी न्हाय."

"बघा!" मालुबाईंनी मांडीवर थाप मारली. "बालवाडीतनंच आणला. मी काय म्हनत होते?"

खरं सांगावं तर ते असं पूर्णिमावरच उलटत होतं.

"घरात बारकं कोण हाय मावशी?"

"लेकीची पोरगी. दोन वर्साची. दिसभर मामीच्या कडेवर."

"तिचं उष्टं कोण खायचं?"

"पूर्णिमाच की. मीच म्हनायची, अन्न टाकू नको, तूच खा..."

यल्लव्वानं दारातून मान वळवली. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडत होतं, ते सगळ्यांनी ऐकलं.

"मी तुमाला दोष देत न्हाय," सोनमआक्का हळू म्हणाली. "त्या बारक्या पोरीलाबी न्हाय. कुणाकडनं आला, ते ही काच सांगत न्हाय. हा कुठंबी असतोय, लई जणांना होऊन जातोय. पूर्णिमानं बेपर्वाईनं काय केलं न्हाय, एवढंच म्हणणं हाय. कागद मी चुकीचा लिवला, त्याची माफी मागते. पण ती तिकडं संकेश्वरात बसून रोज सोताला विचारत असंल, माझं काय चुकलं म्हणून. तिला कोण सांगणार हे? तुमी जाताय का आणायला?"

मालुबाई उठल्या. स्टूल त्यांनी होतं तिथं परत सरकवलं. पदर डोक्यावरून पुढं घेतला, दाराशी यल्लव्वानं वाट दिली, त्यांनी तिला संकेश्वरची गाडी किती वाजता सुटते ते विचारलं, आणि त्या जिना चढून गेल्या.