केरबाचा राहिलेला निरोप

पंच्याण्णव वर्षांच्या माणसानं घाई किती करावी, याला काही ताळतंत्र? भोकर तालुक्यातले केरबा हणमंते त्या दिवशी उजाडता उजाडता धुतलेलं धोतर नेसून जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. जीप शेजारच्या शेषेरावची, आणि शेषेराव अजून तोंडात ब्रश धरून अंगणात उभा. केरबांचा मुलगा संघपाल, रिटायर मास्तर, स्वतःच पासष्टीचा, लगबगीनं बाहेर आला.

"बाबा, सातला निघायचं ठरलंय."

"तू ये सातला," केरबा म्हणाले. "मी बसून राहिलो हितं."

घाईला कारणही तसंच होतं. आदल्या दिवशी नात विशाखाचा फोन आला होता. ती किल्लारीला दवाखान्यात नर्स. बीपी तपासायला आलेली एक्क्याण्णव वर्षांची म्हातारी बोलता बोलता तिला सांगून गेली, की माझं माहेर तुमच्याच भोकरकडचं. माझा भाऊ महांतेश निजामाशी लढताना गेला. त्याचे निरोप केरबा नावाचा पोरगा आणायचा. विशाखाच्या हातातला पट्टा हातातच राहिला. "आबा, तुमची शांताक्का जिवंत हाय," ती फोनवर म्हणाली. केरबा म्हणाले, "तिला म्हणावं, उद्या कुठं जाऊ नको." घ्या. एक्क्याण्णवव्या वर्षी ती बाई जाणार कुठं?

आता हा केरबा कोण, ते सांगायलाच हवं, कारण कुठल्या यादीत त्यांचं नाव सापडायचं नाही. १९४८ साल. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं, तरी मराठवाडा निजामाच्याच टाचेखाली. रझाकारांनी उच्छाद मांडलेला. पैनगंगेच्या पल्याड, भारताच्या हद्दीत, लढणाऱ्या पोरांचा कॅम्प, अल्याड त्यांची घरं. अठरा वर्षांचा केरबा महारवाड्यातला. गावची सरकारी टपालाची थैली तहसिलीला पोचवणं हे त्याच्या घराकडं वंशपरंपरेनं आलेलं वेठीचं काम. पाटलानं थैली फेकायची, यानं उचलून धावायचं. नाक्यावरचे पोलीस थैलीवरचा शिक्का बघायचे आणि म्हणायचे, "जाने दो." आणि हा पठ्ठ्या निजामाचीच थैली खांद्यावर टाकून निजामाच्या वैऱ्यांचे निरोप पोचवायचा!

चिठ्ठी कधीच नाही. केरबाला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एकदा कानात पडलं की शब्दाला शब्द पाठ. नदीला पाणी असलं की सुक्या भोपळ्यांची सांगड पोटाखाली बांधायची आणि पार व्हायचं. वर्षभरात एकदाही सापडला नाही, आणि इथंच तर घोडं पेंड खातं. पुढं स्वातंत्र्यसैनिक म्हणून नाव लावायला गेले, तर जेलचा दाखला मागितला. "सापडलो असतो तर सैनिक झालो असतो. न्हाई सापडलो, हाच माझा गुन्हा," असं ते सांगायचे आणि स्वतःच हसायचे. छप्पन साली धम्म घेतला, वेठीची थैली चावडीत ठेवून आले ती कायमची, आणि जिनिंगमध्ये हमाली करून पोराला मास्तर केलं. दाखल्यासाठी त्यांनी कधी जीव जाळला नाही.

जीव जाळला तो एका निरोपानं. वर्षभरात तेवढा एकच पोचवायचा राहिला होता.

महांतेश हा गावच्या दुकानदाराचा, गुरुबसप्पांचा मुलगा. दुकान टाकून तो कॅम्पात गेला तेव्हा बाप कडाडला होता, "पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." पोळा आठ दिवसांवर आला, आणि महांतेशला राहवेना. त्यानं केरबाला सांगितलं, "शांतेला विचार, अप्पांचा राग गेला का. गेला असला तर पोळ्याला घरी येऊन जातो. जबाब घेऊन ये." शांता ही त्याची चौदा वर्षांची बहीण. एरवी ती शेणाची पाटी घेऊन अंगणाच्या टोकाला यायची आणि केरबाचा निरोप हळूच ऐकून घ्यायची. त्या दिवशी नेमकी ती नव्हती. अंगणात गुरुबसप्पा स्वतः उभे, दुकानासमोरच्या बाकड्यावर दोन पोलीस. केरबा मनाचा हिय्या करून म्हाताऱ्याच्या कानाशी बोलायला दोन पावलं पुढं गेला.

"लांब हो," गुरुबसप्पा ओरडले. "शिवशील. काय ते तिथनंच बोल."

तिथनं बोलायचं म्हणजे पोलिसांना ऐकवायचं. केरबा मुकाट्यानं मागं फिरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला तर दुकानाला कुलूप. रझाकार येणार या धास्तीनं ते घर गाव सोडून गेलं होतं. वर नदी अशी फुगली की सांगड घालायची सोय उरली नाही. केरबा पल्याड पोचला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कॅम्पातली पोरं म्हणाली, महांतेशनं पोळ्याला दुपारपर्यंत तुझी वाट बघितली, मग म्हणाला, अप्पांचा राग काही गेला नाही, आणि नाक्यावर हल्ला करायला निघालेल्या तुकडीत जाऊन उभा राहिला. तो परत आलाच नाही. पंधरा दिवसांत निजाम शरण आला, गावात साखर वाटली. केरबानं ती तोंडात घातली नाही.

सत्त्याहत्तर वर्षं झाली या गोष्टीला. आता कळलं ना, म्हातारा जीपमध्ये का चढून बसला ते?

नांदेड गेलं, लोहा गेलं, केरबांचं तोंड काही बंद होईना. "एकदा जमादारानंच मला अडविलं. म्हणला, दंगेखोर दिसले का रे? मी म्हणलं, दिसले की सरकार, लई दिसले, तिकडं. आन् उलटी दिशा दाखविली. दिवसभर चिखल तुडवीत फिरले लेकाचे." शेषेराव इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

अहमदपूरला चहा पिताना संघपालनं मात्र विषय काढला. "बाबा, सगळंच सांगायला पायजे का? बापानंच लांब हो म्हणलं, हे ऐकून त्या माउलीनं या वयात काय करावं?"

केरबा कप ठेवून जीपमध्ये जाऊन बसले. हाच विचार त्यांनाही रात्रभर कुरतडत होता. औसा मागं पडल्यावर म्हणाले, "निरोप माझा न्हाई, संघपाल. तिचा हाय. दुसऱ्याची चीज मी कुठवर ठेवून घेऊ?"

भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या किल्लारीत विशाखा रस्त्यावरच उभी होती. शांताचं, म्हणजे आताच्या शांतम्माचं, घर तिनं दाखवलं. कपाळावर विभूती लावून म्हातारी ओसरीवर खुर्चीत बसलेली. केरबा उतरले, तरातरा निघाले, आणि फाटकाशी आपोआप थांबले. पाय जुने, खोडही जुनी.

"तिथं का थांबलास, केरबा?" शांतम्मा म्हणाल्या. "ये. हितं बस, माझ्याजवळ."

ते गेले, शेजारच्या खुर्चीत गुडघ्याला गुडघा लावून बसले, तिच्या कानाशी वाकले आणि महांतेश बोलला होता तसा, शब्दाला शब्द, निरोप सांगितला. मग तो का राहिला तेही सांगितलं. पोलीस सांगितले, नदी सांगितली, आणि "लांब हो" हेही गाळलं नाही.

शांतम्मांचे डोळे भरून वाहायला लागले. नातसून मंजुश्री पाणी घेऊन आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

"घर सोडताना अप्पांनी शेजारी किल्ली ठेवली होती," त्या म्हणाल्या. "महांतेश आला तर दार उघडून द्या म्हणाले. राग कुठला रे? मरेपर्यंत अप्पा वाट बघत बसले." त्यांनी डोळे पुसले. आता त्यांच्या आवाजात धार आली. "तुला लांब हो म्हणले, आन् आपल्याच लेकाला लांब करून बसले. बरं केलंस, सांगितलंस."

केरबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते लहान लेकरासारखे रडले, आणि रडता रडता हसायलाही लागले.

"रडतोस काय? जबाब न्यायचा हाय न्हवं?" शांतम्मा म्हणाल्या. "त्याला म्हणावं, राग कवाच गेला. घरी ये."

"कुणाला सांगू, अक्का?"

"महांतेशला. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आधी तूच जाणार."

"मी बौद्ध हाव, अक्का. वर-बिर मी काय मानत न्हाई."

"तू नको मानू. जबाब टाकून जाणार हायस का, तेवढं सांग."

केरबांनी खुर्ची आणखी पुढं ओढली आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"परत एकदा सांग," ते म्हणाले. "सावकाश."